वजन उतरवायचंय? आधी किडनी तपासा, मग ताट बदला

मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक गोष्ट मला रोज दिसते. वजन कमी करायला येणारा माणूस काहीतरी सुरू करूनच आलेला असतो. कुणी महिनाभर प्रोटीन पावडर पितोय, कुणी उपाशीपोटी दुधीचा रस घेतोय, कुणी रात्रीचं जेवणच सोडलंय. "क्रिएटिनीन (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) कधी तपासलं होतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, किडनीचा काही त्रास नाही मला." त्रास नसणारच. किडनीचं निम्मं काम थांबलं तरी ती दुखत नाही, लघवी कमी होत नाही, भूकही जात नाही.

वाढलेलं वजन किडनीला दोन वाटांनी पोखरतं. एक वाट बहुतेकांना माहीत आहे: वजनामुळे शुगर आणि बीपी, आणि त्या दोघांमुळे किडनी. दुसरी वाट थेट आहे. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात आणि जन्मानंतर त्यांची संख्या वाढत नाही. ६० किलोचं शरीर ९० किलोचं झालं तरी गाळण्या तेवढ्याच. मग एकेका गाळणीला जास्त रक्त जास्त दाबाने गाळावं लागतं. ती फुगते, सैल पडते आणि लघवीतून प्रथिनं झिरपायला लागतात. शुगर आणि बीपी नसलेल्या लठ्ठ माणसातही हे होतं. कॅलिफोर्नियातल्या ३,२०,२५२ प्रौढांचा एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० ते ३५ असलेल्यांना किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका योग्य वजनाच्या लोकांच्या साडेतीन पट आढळला होता.

वजन उतरलं की लघवीतून जाणारी प्रथिनं कमी होतात, म्हणजे वजन कमी करायलाच हवं. पण ते घाईने करताना जे पोटात जातं, त्यानेच किडनी बिघडलेली मी पाहिली आहे. म्हणून खालचे टप्पे मागेपुढे करू नका.

हा क्रम कुणासाठी नाही: डायलिसिस चालू असलेले, किडनी बदललेले, गरोदर स्त्रिया आणि १८ वर्षांखालची मुलं. डायलिसिसवरच्या माणसाच्या वजनात पाणी किती आणि मांस किती हे डॉक्टरच ठरवतात. त्यांनी घरच्या घरी डाएट सुरू केलं तर बहुधा मांस झडतं आणि पाणी तसंच राहतं.

## टप्पा १: मोजमाप

लागणाऱ्या वस्तू चारच: वजनकाटा, शिंप्याची टेप, हातावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन आणि एक वही.

वजन सकाळी, लघवी-शौच उरकून, काही खाण्याआधी करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रोज काट्यावर उभं राहिलं की अर्ध्या किलोच्या चढउताराने माणूस हबकतो आणि जेवण तोडतो.

बीएमआय म्हणजे वजन किलोत घेऊन त्याला उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागायचं. उंची १.६५ मीटर आणि वजन ८४ किलो असेल तर ८४ ला २.७२ ने भागा, उत्तर साधारण ३१. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. इंटरनेटवर दिसणारा ३० चा आकडा आपला नव्हे. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी ठेवण फार, म्हणून कमी बीएमआयलाच शुगर-बीपी गाठतात.

त्यामुळे मी काट्यापेक्षा टेपेला जास्त मानते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. पँट पोटाच्या खाली सरकलेली असते.

बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. दंड जाड असेल तर साधा पट्टा चालत नाही. दंडाचा घेर ३२ सेंटीमीटरच्या पुढे असताना लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा मागून घ्या.

पडताळा: नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडला आणि लगेच भरला नाही, तर अंगावर पाणी साचलेलं असू शकतं. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला साबणासारखा न मोडणारा फेस असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. सुजेला चरबी समजून महिनोन् महिने डाएट करणारे लोक आमच्याकडे येतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

## टप्पा २: दोन तपासण्या, दोन्ही एकाच दिवशी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली तपासणी रक्तातलं क्रिएटिनीन. दुसरी लघवीतून झिरपणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची. हिला लॅबमध्ये 'युरीन एसीआर', म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनीनशी प्रमाण, म्हणतात. लोक पहिली करतात आणि दुसरी सोडून देतात. वजनामुळे होणाऱ्या बिघाडात मात्र बहुतेक वेळा लघवीत अल्ब्युमिन आधी दिसतं आणि क्रिएटिनीन खूप नंतर वाढतं. निव्वळ 'युरीन रूटीन'वर भागवू नका. त्यातल्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन कळत नाही. चिठ्ठीवर 'एसीआर' हा शब्द स्पष्ट लिहून घ्या.

यांच्या जोडीला उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड करून घेतलं तर पुढे डॉक्टरांना सोपं जातं. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते.

नमुना देण्याची तयारी अशी:

१. लघवी सकाळी उठल्यावरची पहिली घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली.
२. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. बागेत दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर वागवला असेल तरी एक दिवस थांबा.
३. ताप, लघवीला जळजळ किंवा मासिक पाळी असेल तर आठवडाभर पुढे ढकला. या तिन्हींत अल्ब्युमिन खोटं वाढून येतं.
४. आदल्या रात्री मटण-चिकन टाळा. शिजलेल्या मांसाने क्रिएटिनीन तात्पुरतं वाढतं.
५. जिममध्ये क्रिएटीन घेत असाल तर तसं सांगा. त्यानेही आकडा फसवा येतो.
६. पाणी नेहमीइतकंच प्या. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदल्या रात्री तीन लिटर पिऊन येण्याचा काही उपयोग नाही.

सावध: तपासणी होईपर्यंत कोणतंही डाएट, रस, पावडर किंवा काढा सुरू करू नका. आधी सुरू केलं तर किडनी मुळात कशी होती हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ३: रिपोर्ट वाचणं

क्रिएटिनीनचा आकडा एकटा वाचू नका. त्यात वय आणि स्त्री-पुरुष धरून 'ईजीएफआर', म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. लॅबने छापला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. फरक किती पडतो बघा: क्रिएटिनीन १.२ असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर साधारण ८६ येतो. तेच १.२ साठीच्या बाईंना असेल तर तो ५२ च्या आसपास येतो. एकाची किडनी ठीक आहे, दुसरीची निम्म्यावर आली आहे. कागदावर दोघांचंही १.२ सारखंच दिसतं आणि घरी गेल्यावर "नॉर्मल आलं" म्हणून कागद कपाटात जातो.

आता स्वतःला एका गटात बसवा.

गट अ: ईजीएफआर ६० च्या वर आणि एसीआर ३० च्या खाली. पुढचे टप्पे घरी करता येतील.

गट ब: ईजीएफआर ३० ते ६०, किंवा एसीआर ३० ते ३००. पुढचे टप्पे तुमच्यासाठीही आहेत, पण डॉक्टरांना दाखवून. प्रथिनं आणि औषधं तेच ठरवतील.

गट क: ईजीएफआर ३० च्या खाली किंवा एसीआर ३०० च्या वर. किडनीच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत काहीच सुरू करू नका. सांगली-मिरजेत किडनीचे डॉक्टर आहेत. जतेहून किंवा आटपाडीहून यायचं असलं तरी एक दिवस काढा.

एका रिपोर्टवर घाबरू नका. ईजीएफआर कमी किंवा एसीआर जास्त असणं तीन महिन्यांनंतरही टिकलं तरच त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. गट क मध्ये मात्र तीन महिने थांबायचं नाही.

## टप्पा ४: घरातल्या गोळ्या, पावडरी आणि काढे बाहेर काढा

ताटाला हात लावण्याआधी हे करायचं. एक पिशवी घ्या आणि घरात जे जे पोटात घेतलं जातं ते सगळं तिच्यात भरा. गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्ण, कॅप्सूल, जिमचा डबा, टीव्हीवर पाहून मागवलेली बाटली. पिशवी डॉक्टरांसमोर ओता.

दुखण्याच्या गोळ्या. वजन वाढलं की गुडघे दुखतात, गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन येतं. या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते, वय ५२, वजन ९४ किलो. सहा महिने रोज दोन गोळ्या, त्यात मुलाच्या डब्यातली प्रोटीन पावडर, त्यात एप्रिलमधलं बागेतलं ऊन. क्रिएटिनीन दोनच्या पुढे गेलं होतं. गोळ्या बंद केल्यावर ते खाली आलं, पण पहिल्यासारखं झालं नाही. गुडघ्यांसाठी शेक, मलम आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय ठेवा.

प्रोटीन पावडर. एका डावात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. ६० किलो योग्य वजनाच्या माणसाची दिवसाची गरज ५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन डावांतच दिवसाचा कोटा संपतो आणि जेवण वेगळंच. ज्यादा प्रथिनांनी गाळण्यांवरचा दाब वाढतो, आणि वजनामुळे तो आधीच वाढलेला आहे.

वजन उतरवण्याचे काढे आणि चूर्णं. डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये सडपातळ होण्यासाठी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी स्त्रियांच्या किडन्या गेल्या. त्या गोळ्यांत चुकून भलतीच वनस्पती आली होती. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, हा समज सोडा.

हिरवे रस. पालक आणि बीट यांचे मोठमोठे ग्लास रोज घेतले तर त्यातलं ऑक्सलेट (मुतखडे बनवणारा क्षार) किडनीत साचतं. दुधीचा रस जिभेला कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका, तो विषारी असतो. आणि सांगलीत राहून सांगायला जिवावर येतं, पण हळदीच्या कॅप्सूलही नकोत. भाजीत-आमटीत पडते ती हळद खुशाल खा. कॅप्सूलमधून रोज जाणारी हळद कितीतरी जास्त असते आणि तिच्यातही ऑक्सलेट असतं.

सावध: बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी या पिशवीत सापडली तर स्वतःहून बंद करू नका. "बीपीच्या गोळीने किडनी जाते" हा गैरसमज आहे. या जातीच्या गोळ्या लघवीतून जाणारं अल्ब्युमिन कमी करतात.

## टप्पा ५: स्वयंपाकघर, आधी मीठ मग बाकीचं

मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा. रोज कोण मोजणार? त्यापेक्षा सोपं सांगते. मिठाचा एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो ५० दिवस पुरायला हवा. पंचविसाव्या दिवशी संपला तर घर दुप्पट मीठ खातंय. शिवाय भडंग, फरसाण, पापड, लोणचं आणि खर्डा यांतलं मीठ या हिशेबाच्या बाहेरचं आहे. भडंग आपल्या सांगलीची ओळख आहे, पण रोज संध्याकाळी वाटीभर भडंग आणि वर बीपीची गोळी, हे जमणार नाही. आठवड्यातून एकदा खा.

सैंधव हे मीठच आहे, त्याने फरक पडत नाही. 'लो सोडियम' मीठ तर गट ब आणि क च्या लोकांनी, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तेल. तीच युक्ती. चार माणसांना महिन्याला साधारण दोन लिटर. घाणीचं असलं तरी तेवढंच.

गोड. साखरेऐवजी गूळ घातल्याने वजन उतरत नाही, दोन्हींतल्या कॅलरी जवळजवळ सारख्या. उसाचा रस, चहातली साखर आणि येता-जाता तोंडात टाकायचे बेदाणे, या तीन जागा आधी बंद करा. १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ३०० कॅलरी असतात आणि पोटॅशियमही भरपूर.

ताट. मीठ-तेल-गोड आटोक्यात आल्यावर दोन आठवड्यांनी इकडे वळा. सगळं एकाच सोमवारी बदललं की पुढच्या सोमवारी सगळंच सुटतं. ज्वारीची भाकरी ठेवा, एक कमी करा. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ दोन्ही वेळा. भात पातेल्यातून परत वाढून घेऊ नका. भाकरी पूर्ण सोडून नुसत्या अंडी-चिकन-पनीरवर राहण्याचं खूळ सध्या फार आहे. गट ब आणि क साठी ते सरळ नुकसान आहे.

पडताळा: आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरणं बरोबर. ८४ किलोच्या माणसाने तीन-चार महिन्यांत चार-सव्वाचार किलो उतरवलं, म्हणजे ५ टक्के, की फायदा दिसू लागतो. महिन्यात आठ किलो गेले तर मांस झडतंय, युरिक अ‍ॅसिड वाढतंय आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढतेय. थांबा आणि जेवण वाढवा.

## टप्पा ६: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं. आमराईत चाला, कृष्णाकाठी चाला, नाहीतर गल्लीत चाला. गुडघे दुखत असतील तर दहा-दहा मिनिटं तीन वेळा. मार्च ते मे आपल्याकडे सात वाजताच ऊन तापतं, त्याआधी उरका.

वर्षानुवर्षं व्यायाम नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारू नयेत. स्नायू फाटून त्यांचा गाळ किडनीत अडकतो. व्यायामानंतर अंग फार दुखतंय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर त्याच दिवशी दवाखाना.

पाणी तहानेप्रमाणे, उन्हात काम असेल तर जास्त. रोज पाच लिटर प्यायल्याने किडनी 'धुतली' जात नाही. पायाला सूज असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ७: गोळ्यांचा डोस आणि उपवास

वजन उतरायला लागलं की जुना डोस जड होतो. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना घाम, थरथर, भोवळ जाणवली तर शुगर उतरलेली असते. लगेच साखर खा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उठताना चक्कर आली तर बीपी मोजा. बहुतेकांसाठी ते १३०/८० च्या खाली हवं, पण किती खाली चालेल हे डॉक्टर सांगतील.

जुलाब-उलट्या झाल्या तर शुगरच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे आजारी पडण्याआधीच विचारून वहीत लिहून ठेवा. नवरात्रात किंवा निर्जळी एकादशीला हाच प्रश्न येतो. डापाग्लिफ्लोझिन घेऊन कडक उपवास केला तर रक्तात आम्ल साचू शकतं, शुगर फार वाढलेली नसतानाही. आणि साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे.

वजन आणि शुगर उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनबद्दल हल्ली रोज विचारतात. शुगर आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्यांत त्याचा किडनीला फायदा २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला आहे. पण सुरुवातीला मळमळ-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी परत तीच तपासणी

त्याच लॅबमध्ये, तशीच तयारी करून, क्रिएटिनीन आणि एसीआर दोन्ही.

एसीआर उतरला असेल तर वजन थोडंच कमी झालेलं असलं तरी तुमचं बरोबर चाललंय. टेल्मिसार्टनसारखी गोळी नवी सुरू झाली असेल तर क्रिएटिनीन थोडं वाढलेलं दिसतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, तेवढ्यावरून गोळी सोडू नका. एसीआर तेवढाच राहिला किंवा वाढला, तर आधी मिठाच्या पुड्यावरची तारीख आणि गोळ्यांची पिशवी पुन्हा तपासा. मग किडनीच्या डॉक्टरांकडे जा. जाताना दोन्ही वेळचे रिपोर्ट, बीपीची वही आणि ती पिशवी सोबत न्या. आणि आदल्या दिवशी गुडघ्यासाठी एखादी गोळी घेतली असेल तर तीही सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.